आकाशातून दिसलेला लळिंग



इतिहासावर बोलावयास आपण एका कामगार कार्यकर्त्याला उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. माझी शाळा आठवीत सुटली. त्यापुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. सनावळ्या आणि वंशावळ्या यांच्या बाबतीत मी आपणांस नवे काही सांगू शकणार नाही. परंतु तीस वर्षांत एक प्रश्न विचारण्याची मला सवय जडली आहे. कोठेही मोठे बांधकाम दिसले की मी विचारतो : हे काम कोणी केले, ते कोठे राहत होते, आणि त्यांना पाणी कोठून मिळत होते? हाच प्रश्न मी लळिंगच्या किल्ल्याला विचारला. आणि त्याचे उत्तर, अर्धेमुर्धे का होईना, मला एका खेळण्याएवढ्या विमानाने दिले. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

लळिंग आपणा सर्वांच्या परिचयाचा. धुळ्याहून मुंबईच्या रस्त्याला लागले की दहा-एक किलोमीटरांवर तो महामार्गाला खेटून उभा आहे. मालेगावच्या सभांना जाता-येता एस. टी.च्या खिडकीतून मी तो शेकडो वेळा पाहिला होता. पायथ्याच्या गावात महादेवाचे जुने हेमाडपंती देऊळ, वर ललिता मातेचे ठाणे, तटाचे उरलेसुरले तुकडे आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी. पुस्तकांत त्याची गोष्ट चार ओळींत आटोपते. १३७० साली दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला. तेथून खानदेशच्या फारुकी घराण्याचा आरंभ झाला. १३९९ साली मलिक राजा वारला, तेव्हा थोरल्या नसीरखानाकडे लळिंग आला आणि धाकट्याकडे थाळनेर. नसीरखानाने पुढे असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसविले, आणि दरबार तिकडे गेला. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडून फारुकींचे राज्य संपले. मग मोगल आले, मराठे आले, आणि १८१८ साली इंग्रज.

या चार ओळींतून किल्ला कोणाकडून कोणाकडे गेला एवढे कळते. सातबाराच्या उताऱ्यावर मालकाचे नाव असते, कुळाचे कधी कधी असते, सालदाराचे कधीच नसते. त्यातलाच हा प्रकार. तट कोणी रचला, शिबंदी कोठे निजत होती, धान्य कोठे साठत होते, हे चार ओळींत बसत नाही. मी किल्ल्यावर चढून पाहिले. गवत, काटेरी झुडपे आणि विखुरलेले दगड. एका दगडाचा दुसऱ्याशी काय संबंध, हे जमिनीवर उभे राहून कळेना.

आमच्या युनियनमधील एका कामगाराचा मुलगा आयटीआय झालेला आहे. रेडिओवर चालणारी लहान विमाने घरी बनविण्याचा त्याला छंद. तो एकदा मला म्हणाला, "काका, गालिच्यावर बसलेल्या मुंगीला नक्षी दिसते का? वरून पाहिले पाहिजे." हे त्याचे म्हणणे मला पटले. फोमचे पंख, एक किलोच्या आसपास वजन, पुढे विजेची मोटर आणि पंखा, पोटात बॅटरी. पंखांच्या आणि शेपटीच्या पट्ट्या हलविणाऱ्या बोटभर मोटरी आत असतात. खाली उभ्या माणसाच्या हातातील यंत्राने रेडिओलहरी पाठवावयाच्या आणि त्या पट्ट्या वळवावयाच्या, की विमान वळते, चढते, उतरते. पोटाखाली लहानसा कॅमेरा. तो दर दोन सेकंदांनी आपोआप एक छायाचित्र घेतो.

ही कल्पना मात्र त्या मुलाची नव्हे आणि या शतकाचीही नव्हे. फ्रान्समध्ये नादार या छायाचित्रकाराने १८५८ साली बलूनमध्ये बसून पॅरिसजवळचे पहिले हवाई छायाचित्र घेतले. १८८८ साली आर्तूर बात्यू याने माणूस वर पाठविण्याऐवजी पतंगाला कॅमेरा बांधला. कॅमेऱ्याची झडप उघडावी म्हणून त्याने सुरसुरत जाणारी वात लावली होती. संक्रांतीला ज्याने पतंग उडविला आहे, त्याला यातली गंमत कळेल. १९०६ साली इंग्लंडमध्ये शार्प नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बलूनमधून स्टोनहेंज या पुरातन शिळावर्तुळाची छायाचित्रे घेतली. पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक हेरण्यासाठी हजारो हवाई छायाचित्रे निघाली. त्या युद्धात विमानातून टेहळणी केलेला क्रॉफर्ड नावाचा गृहस्थ पुढे सरकारी नकाशा खात्यात पुरातत्त्व अधिकारी झाला. लष्करी छायाचित्रे चाळताना त्याला शेतांखाली गाडली गेलेली प्राचीन बांधबंदिस्ती दिसू लागली. मुरंब्याच्या कारखानदार घराण्यातील किलर याच्या पैशावर त्याने इंग्लंडच्या वेसेक्स भागावरून उड्डाणे केली आणि १९२८ साली दोघांनी मिळून त्यावर ग्रंथ काढला.

जमिनीखालची भिंत आकाशातून कशी दिसावी? यात जादू काही नाही. शेतकऱ्याला हे सहज समजेल. जेथे खाली दगडी पाया असतो तेथे मातीचा थर उथळ असतो, ओल लवकर जाते आणि वरचे गवत आधी पिवळे पडते. जेथे जुना खंदक किंवा खड्डा बुजलेला असतो तेथे माती खोल असते आणि गवत उशिरापर्यंत हिरवे राहते. जमिनीवरून हा फरक डोळ्यांत भरत नाही. वरून पिवळ्या रेघांची चौकट उमटते. दुसरा उपाय उन्हाचा. सूर्य कलता असला की वीतभर उंचवट्याचीही सावली लांब पडते. म्हणून पावसाळा संपल्यानंतर, गवत वाळू लागण्याच्या दिवसांत, सकाळी लवकर किंवा सायंकाळी उड्डाण करावयाचे.

महाराष्ट्रातही आकाशातून किल्ले टिपण्याचे काम झालेले आहे. नौदलात छायाचित्रकार असलेले गोपाळ बोधे हवाई छायाचित्रणासाठी प्रसिद्ध होते; उद्धव ठाकरे यांनी टिपलेल्या किल्ल्यांच्या हवाई छायाचित्रांचे 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक २०१० साली निघाले. परंतु हेलिकॉप्टर साऱ्यांच्या आवाक्यातले नाही, आणि ते जाते ते राजगड-रायगडाकडे. लळिंगकडे यावयास त्याला सवड कोठून असणार? आमच्या विमानाला पेट्रोलही लागत नव्हते.

आम्ही रीतसर मार्गाने गेलो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे पाव किलोहून जड यंत्राची नोंदणी करावी लागते. नकाशावरील हिरव्या पट्ट्यातही चारशे फुटांच्या वर जाता येत नाही. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी. आपल्याकडे गोंदूरची धावपट्टी आहे, तेव्हा नकाशा आधी पाहिलाच पाहिजे. कागदपत्रे करण्याची मला सवय आहे; कामगार आयुक्तांच्या कचेरीत आयुष्य गेले आहे.

पहिले उड्डाण फसले. डोंगराच्या कडेवर वारा खालून वर उसळतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. विमान हातातून सुटले, दोन गिरक्या घेतल्या आणि बाभळीत जाऊन अडकले. पंख मोडला. मुलगा हिरमुसला. मी त्याला म्हटले, "पहिल्या संपात कोणाच्या मागण्या मान्य झाल्या आहेत?" पंधरा दिवसांनी पंख चिकटवून पुन्हा गेलो. या वेळी वारा पडलेला असताना, सूर्य उगवल्यावर थोड्याच वेळात माथ्यावरच्या सपाटीवरून विमान सोडले. बारा मिनिटांनी ते गवतात अलगद उतरले, तेव्हा कॅमेऱ्यात तीनशेहून अधिक छायाचित्रे होती.

एकेक छायाचित्र पाहून फारसे हाती लागत नाही. प्रत्येक छायाचित्राचा मोठा भाग पुढच्या छायाचित्रातही येतो. एकच दगड पाच-सहा जागांवरून टिपला जातो. आपल्याला दोन डोळे असल्यामुळे अंतराचा अंदाज येतो, तसा संगणक या अनेक डोळ्यांवरून प्रत्येक दगडाची जागा आणि उंची काढतो, आणि साऱ्या तुकड्यांची गोधडी शिवून एक सलग नकाशा देतो. शंभर मीटर उंचीवरून घेतलेल्या अशा छायाचित्रात एक ठिपका जमिनीवरील चारेक सेंटिमीटरांएवढा असतो. म्हणजे पायरी दिसते, पायरीचा फुटलेला कोपराही दिसतो.

तो नकाशा आम्ही युनियनच्या कचेरीत भिंतीवर लावला. तटाची वळणे, बुरुज, ललिता मातेचे ठाणे हे तर दिसलेच. पण माझे लक्ष गेले ते गवतातल्या पिवळ्या चौकटींकडे. लहान लहान, एकमेकींना चिकटून असलेल्या, ओळीने मांडलेल्या. गिरणी कामगारांच्या चाळीचा नकाशा ज्याने पाहिला आहे त्याला त्या चौकटी ओळखावयास वेळ लागत नाही. मोठ्या वाड्याचा पाया वेगळा असतो. त्याला चौक असतो, ऐसपैसपणा असतो. या खोल्या होत्या. शिबंदीच्या असतील, चाकरांच्या असतील. कोणत्या शतकातल्या, ते खोदकामावाचून सांगता येणार नाही. परंतु माणसे येथे दाटीने राहत होती, आणि त्यांच्या खोल्यांची रांग टाक्याच्या दिशेने जात होती, एवढे दिसत होते.

कचेरीत दगडखाणीवर काम करणारे आमचे एक वडार सभासद बसले होते. सत्तरीचे गृहस्थ, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. टाक्यांच्या चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, "भाऊ, हाऊ दगड खालतीन नही उना. हाऊ आठलाच शे." तटाचा दगड खालून वाहून आणलेला नाही, जागेवरचाच आहे! त्यांनी टाक्याच्या कडेने गेलेल्या पाचरींच्या भोकांची ओळ मला दाखविली. खडकात भोके पाडून, पाचरी ठोकून दगड सुटा करावयाचा. तो तटाला वापरावयाचा. आणि खाली जो खड्डा राहील तो पाण्याने भरू द्यावयाचा. खाण म्हणून सुरू झालेले काम टाके म्हणून संपते. सह्याद्रीच्या अनेक किल्ल्यांवर हीच युक्ती आहे, हे मी पुस्तकांत वाचले होते. पण या माणसाने ते पुस्तकाशिवाय वाचले.

मग आम्ही हिशेब मांडला. समजा, एखादे टाके वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि दहा फूट खोल आहे. म्हणजे तीन हजार घनफूट, खाणीच्या भाषेत तीस ब्रास दगड. तो पहार, छिन्नी आणि घण यांनी, उन्हात, एकेक पाचर ठोकून काढावयाचा. फारुकींच्या वंशावळीत जे नाव नाही ते या खड्ड्याच्या मापात शिल्लक आहे. खड्ड्याचे माप घ्या आणि श्रमाचे माप मिळते.

येथे मला माझी एक फजिती सांगितली पाहिजे, नाहीतर आपण आकाशातल्या डोळ्यावर फाजील विश्वास ठेवाल. उतारावर आम्हांला समांतर रेघा दिसल्या. एकीखाली एक, वळणावळणाने डोंगराला गुंडाळलेल्या. मी हर्षभरित झालो. खालचा तट सापडला! दोघा-चौघांना फोनही केले. दुसऱ्या रविवारी जाऊन पाहिले, तर ते पाणी अडविण्यासाठी अलीकडे खणलेले सलग समतल चर. तेथे शेळ्या चारणारा पोरगा आमच्याकडे पाहून हसत होता. त्याला ते पूर्वीपासून ठाऊक होते. तात्पर्य, छायाचित्र हे साक्षीदारासारखे आहे. त्याची उलटतपासणी पायांनी चालत जाऊन आणि गावकऱ्यांना विचारूनच करावी लागते.

आकाशातून पाहण्याचा आणखी एक लाभ आहे. जमिनीवरचा छायाचित्रकार दरवाजा किंवा बुरुज चौकटीत घेतो आणि बाकीचे बाहेर ठेवतो. वरून घेतलेल्या चित्रात किल्ल्याबरोबर गाव येते, देऊळ येते, वाटा येतात. लळिंगच्या परिसरातच लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामानिमित्त धुळ्यास आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम तेथे होता, आणि दरवर्षी त्या तारखेला हजारो माणसे तेथे जातात. लळिंगच्या इतिहासात सुलतानाइतकाच हा दिवसही मोजला पाहिजे.

पांझरेच्या काठचे फडही असेच. धुळे आणि साक्री तालुक्यांत नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत. त्यांतून पाट निघतात आणि पाटांखाली जमिनीचे फड पडतात. एका फडात एका हंगामी एकच पीक, आणि शेतकऱ्याची पट्टी प्रत्येक फडात थोडी थोडी. म्हणजे पाणी कमी पडले तर तोटा सर्वांच्या वाट्यास सारखा येतो. पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या गावाने नेमावयाचा, त्यांची मजुरी गावाने द्यावयाची. ही व्यवस्था काही शतके चालत आली. वरून पाहिले म्हणजे त्या सारख्या पट्ट्यांची रचना एका दृष्टीत भरते. किल्ल्यावरचे धान्य अशाच शेतांतून वर चढत असे. किल्ल्याचा इतिहास तटाशी थांबविणे म्हणजे कारखान्याचा इतिहास मालकाच्या केबिनशी थांबविणे होय.

थाळनेरकडे पाहा. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर तो किल्ला आहे. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांस दिला. परंतु किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला खाली केला नाही. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने हल्ला केला. आतल्या दरवाजाशी बोलणी चालू असता झटापट झाली, इंग्रज अधिकारी पडले. त्यावर सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदारास फासावर चढविण्यात आले. हिस्लॉपच्या या कृत्याची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटातही झाली. त्याची बाजू मांडावयास माणसे होती. त्या तीनशेंची बाजू मांडावयास कोणी उरले नव्हते. थाळनेरवर आम्ही अद्याप विमान सोडलेले नाही. तेथील फारुकींच्या कबरी केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत, परवानगीशिवाय तेथे जावयाचे नाही. पण त्या दरवाजाची अरुंद जागा आणि मागे वाहणारी तापी एका चित्रात आली, तर तीनशे माणसांना पळावयास वाट का नव्हती, हे शाळकरी मुलालाही समजेल.

आता माझ्या मनातली एक शंका आपल्यापुढे ठेवतो. उंचावरून पाहण्याचा हक्क आजवर राज्यकर्त्याचा होता. किल्ला डोंगरावर बांधतात तो खालचा मुलूख नजरेत ठेवण्यासाठीच. इंग्रजांनी मुलूख घेतला आणि मोजणीची साखळी टाकली. हवाई छायाचित्रण मोठे झाले ते लढाईच्या कामावर. आणि काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या दारात आमची गेटसभा चालू असता डोक्यावर एक ड्रोन घोंगावत होता. सभेला कोण कोण आले आहे ते टिपत होता. दुसऱ्या दिवशी चार पोरांना कामावरून बंद केले. त्या आवाजाने अजूनही माझ्या पाठीत शिरशिरी येते. म्हणून लळिंगवर पहिल्या दिवशी आमचे विमान डोक्यावरून गेले, तेव्हा मला आनंदाआधी धडकी भरली, हे मी लपवीत नाही.

परंतु यंत्र कोणाच्या हातात आहे आणि ते कोणावर रोखले आहे, हा खरा प्रश्न आहे. आम्ही ठरविले, की उड्डाणाआधी गावात सांगावयाचे. कोणाच्या अंगणावरून, घरावरून विमान न्यावयाचे नाही. आणि निघालेला नकाशा प्रथम गावाला दाखवावयाचा. लळिंगच्या मंडळींनी तो पाहिला तेव्हा त्यांनी आम्हांला दोन वाटांची नावे सांगितली, एक बुजलेले टाके दाखविले. आम्ही चित्र दिले, त्यांनी त्याला शब्द दिले.

दुसऱ्या वर्षी त्याच दिवसांत, त्याच उंचीवरून पुन्हा उड्डाण केले. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले आणि एक गोष्ट ध्यानात आली. त्या खोल्यांच्या रांगेत आदल्या वर्षी नसलेला एक काळा ठिपका होता. जाऊन पाहिले. गुप्तधनाच्या लोभाने कोणी पुरुषभर खड्डा खणला होता. पाया उखडला होता, दगड इतस्ततः फेकले होते. धन मिळाले नसणार. चाकरांच्या खोलीत धन कोठले? एका खोलीचा पुरावा मात्र कायमचा गेला. ती आता फक्त आमच्या पहिल्या वर्षीच्या छायाचित्रात उरली आहे. मी संबंधितांना रीतसर अर्ज दिला, सोबत दोन्ही छायाचित्रे जोडली. "किल्ल्याची नासधूस होते" अशा तक्रारीला उत्तर मिळत नसे. तारखेसह जोडलेल्या या दोन चित्रांवर मात्र पाहणी झाली.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. आपल्या शेजारच्या बागलाणातला साल्हेर त्यांत आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु लळिंग, सोनगीर, भामेर, थाळनेर त्या यादीत नाहीत. या किल्ल्यांची मापे घ्यावयास बाहेरून कोणी येईल, याची वाट पाहत बसू नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे शोधीत हिंडले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच धुळ्यात त्यांनी देह ठेवला. त्यांनी वाण्याच्या पुडीत जाणारे कागद वाचविले. आपल्या पिढीच्या वाट्याला गवतातले दगड आले आहेत.

म्हणून माझी विनंती लहान आहे. देवपुरातील महाविद्यालये, आयटीआयची मुले आणि या व्याख्यानमालेचे चालक यांनी मिळून एक नोंदवही सुरू करावी. दरवर्षी दिवाळीनंतर, ठरलेल्या आठवड्यात, परवानगी घेऊन, गावकऱ्यांच्या संमतीने, या चार किल्ल्यांचे एकेक उड्डाण करावे. छायाचित्रे तारखेसह वाचनालयात ठेवावीत, कोणालाही पाहता यावीत. त्यांच्यासमोर बसण्यास इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलवा; त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एखादा वडार, एखादा गवंडी, एखादा मेंढपाळ बसवा. या वर्षी लळिंगचे तिसरे उड्डाण आहे. विमानाचा पंख पुन्हा चिकटवून ठेवला आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी पहाटे पाच वाजता युनियनच्या कचेरीपाशी जमावे; पाण्याची बाटली आणि भाकरी ज्याची त्याने आणावी.